पंच तडकतोय? स्टील बदलायच्या आधी तडा उघडून बघा

"ओएचएनएसचा पंच आहे. हार्डनिंग करून आला की पाच-सहा नगांत एखादा तडकलेला निघतो. स्टीलवाला बदलून झाला, हीट ट्रीटमेंटवाला बदलून झाला. आता मटेरियलच बदलू का?"

नाव-गाव बदलून हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. पंच म्हणजे प्रेसवर पत्र्यात भोक पाडणारं हत्यार, ओएचएनएस म्हणजे त्याचं 'ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग' स्टील, आणि हार्डनिंग म्हणजे ते लाल तापवून, तेलात बुडवून कडक करणं. कधी पंच असतो, कधी डायचा इन्सर्ट, कधी ईएन ३१ या बेअरिंगच्या स्टीलची पिन. विचारणाऱ्याने तोवर दोन-तीन गोष्टी बदललेल्या असतात आणि त्यातली एकही नेमकी कशासाठी बदलली हे त्याला सांगता येत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तडकलेला नग भंगारात टाकलात का? नसेल टाकला तर अजून काहीही बदलू नका. तो नग तड्यावरच मोडा आणि आतला रंग दिवसाच्या उजेडात बघा.

तडा कुठे पडला हे सगळेच बघतात. तो कधी पडला हे कुणी बघत नाही. बार आला तेव्हाच होता, तेलात पडला, तेलातून काढून ट्रेमध्ये ठेवल्यावर पडला, की ग्राइंडिंगवर पडला? चारही ठिकाणचा इलाज वेगळा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि तडा राहतो.

नग उघडायचा कसा

कडक झालेलं स्टील मोडताना काचेसारखं उडतं. गॉगल घाला, नग जाड फडक्यात गुंडाळा. तडा वाइसच्या जबड्याच्या जरा वर राहील असा पकडा, मध्ये पितळेचा तुकडा धरा आणि एक ठोका द्या. हातोडी थेट कडक नगावर मारू नका, कपची हातोडीचीही उडते. तडकलेला नग बहुधा पहिल्या-दुसऱ्या ठोक्यातच दोन तुकडे होतो. तुटलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून "बसतात का" हेही बघायचं नाही. आधी फोटो. आणि फोटोसाठी शेडच्या दारात या. ट्यूबलाइटखाली फिका पिवळा रंग दिसतच नाही.

तोंडावर दोन भाग दिसतील. एक आत्ताच्या ठोक्याने तुटलेला, स्वच्छ करडा. दुसरा जुन्या तड्याचा. बघायचा तो हा दुसरा.

तो काळा असेल, खपली धरल्यासारखा, तर तडा भट्टीत जायच्या आधीपासून होता. आठशे अंशांत हवा आत शिरली आणि तड्याच्या दोन्ही भिंतींवर पपडी चढली. फिका गव्हाळ किंवा तपकिरी असेल तर तडा तेलात नाहीतर तेलानंतर पडला आणि टेंपरिंगच्या वेळी (कडक झालेला नग पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवतात तेव्हा) उघडा होता. टेंपरिंगच्या उष्णतेने त्याला तो रंग दिला. आणि जुना भागही नव्यासारखाच स्वच्छ करडा असेल तर टेंपरिंग होईपर्यंत नग धड होता. मग संशय ग्राइंडिंगवर, वायरकटवर (तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापण्यावर) किंवा प्रेसवर बसलेल्या मारावर जातो.

यात एक फसगत होते. तेलात पडलेल्या तड्यात तेल शिरतं आणि टेंपरिंगमध्ये तिथेच करपतं. तो डाग काळा दिसतो आणि लोक "बारमध्येच दोष होता" म्हणून स्टीलवाल्याला फोन लावतात. फोटो काढून झाल्यावर कापसाच्या बोळ्याला थिनर लावून हलकेच फिरवा. तेलाचा डाग बोळ्यावर येतो, पपडी जागची हलत नाही. तरीही खात्री नसेल तर लॅबमध्ये तड्याच्या कडेचं मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) करून घ्या. तड्याच्या दोन्ही काठांवरचं कार्बन जळून गेलेलं दिसलं तर तडा भट्टीच्या आधीचाच, त्यावर वाद नाही.

हे रंग काही लॅबवाल्यांनी शोधलेले नाहीत. ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी देणारा लोहार पिढ्यान् पिढ्या तेच वाचतो. कोयता लाल करायचा, फक्त धार पाण्यात बुडवायची, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून पांढरी करायची. पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे येते आणि तिच्यासोबत रंग सरकत येतो: २०० अंशांच्या पुढे फिका पिवळा, २५० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळट, ३०० ला निळा. हवा तो रंग धारेवर आला की कोयता पाण्यात. हार्डनिंग आणि टेंपरिंग एकाच तापवणीत, दोन्हींच्या मध्ये मिनिटसुद्धा जात नाही.

आमच्याकडे त्या दोन्हींच्या मध्ये अख्खा रविवार गेला होता.

ट्रेमधला तडा

लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं टूलरूम, मागच्या बाजूला एकच मफल भट्टी. हार्डनिंगही तिच्यात, टेंपरिंगही तिच्यातच. शनिवारी संध्याकाळी सात पंच तेलात टाकले. २८ मिमी व्यास, खाली १६ ची मान. कानस फिरवून पाहिली, काचेवरून सरकावी तशी सरकली. रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, ६४ एचआरसी. आता भट्टी दोनशेवर यायची वाट बघायची आणि पंच आत लावायचे, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात लाइट गेली. नऊ वाजेपर्यंत थांबलो, मग म्हटलं सोमवारी बघू. पंच तर कडक झालेत, पळून कुठे जातात?

सोमवारी सकाळी ट्रे ओढला तर दोन पंचांना मानेपासून वर उभा तडा. तिसरा उचलून उजेडात बघत होतो आणि हातातच "टिक" असा आवाज झाला. नखाने घड्याळाच्या काचेवर टिचकी मारावी तेवढाच. बघतो तर मानेच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ निघालेली. तो पंच ना प्रेसवर चढला होता, ना ग्राइंडिंगला गेला होता. दीड दिवस नुसता ट्रेमध्ये पडून होता.

मी काय केलं असेल? स्टीलवाल्याला फोन करून भांडलो. त्याने शांतपणे विचारलं, "टेंपरिंग कधी केलं?" मी म्हटलं, "करायचंच आहे." पलीकडून काही आवाज आला नाही.

ते तिन्ही पंच मोडले तेव्हा आत रंग नव्हताच, सगळं स्वच्छ करडं. टेंपरिंगच झालं नव्हतं तर रंग येणार कुठून? म्हणजे वरची रंगाची कसोटी टेंपरिंग झालेल्या नगालाच लागू पडते, एवढं लक्षात असू द्या.

मुळात होतं काय

गार झालं की लोखंड आकसतं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. त्यामुळे तेलात तडा पडला की "फार जोरात आकसलं" असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. आठशे अंशांना स्टीलमधल्या लोहाच्या अणूंची मांडणी वेगळी असते आणि तिच्यात कार्बन सुखाने मावतो. सावकाश गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि स्टील मऊ राहतं. झपकन गार केलं तर मांडणी बदलते पण कार्बन आतच अडकतो आणि तिला ताणून धरतो. या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन धातुशास्त्रज्ञ अॅडॉल्फ मार्टेन्स (१८५०-१९१४) यांच्या नावावरून. कडकपणा येतो तो हिच्यामुळे. पण ती तयार होताना स्टील आकसत नाही, फुगतं. ओएचएनएससारख्या ०.९ टक्के कार्बनच्या स्टीलमध्ये हा फुगवटा आकारमानाच्या सुमारे ४ टक्के असतो.

आता हे फुगणं सुरू होतं साधारण दोनशे अंशांच्या आसपास, आणि सगळीकडे एकदम होत नाही. कातडी आधी गार होते, आधी फुगते, आधी कडक होते. गाभा मागून येतो आणि त्याची फुगायची वेळ येते तेव्हा बाहेरचं कवच दगड झालेलं असतं. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा वरून सुकून गेला आणि मागाहून आत वाफ धरली तर तो कुठेतरी फाटतो, तसंच. फाटण्यासाठी जागा शोधली जाते ती कोपऱ्याची, खाचेची, नंबर ठोकलेल्या खुणेची.

आणि काम तेलातच संपत नाही. खोलीच्या तापमानाला आल्यावरही थोडा भाग जुन्याच मांडणीत अडकून राहिलेला असतो आणि तो पुढे तासन् तास, कधी दिवसच्या दिवस बदलत राहतो. आतला ताण तसाच, कातडी ठिसूळ तशीच. ट्रेमधली "टिक" ही तीच. टेंपरिंग म्हणजे या ताणाला सैल सोडणं. त्यात १-३ एचआरसी जातात आणि लोक तेवढ्यासाठी जीव तोडतात, पण ६४ ला तडकलेल्या पंचापेक्षा ६१ चा धड पंच बरा.

म्हणून माझ्याकडे आता नियम असा: नग तेलात पूर्ण थंडगार होऊ द्यायचाच नाही. ६०-६५ अंशांवर, म्हणजे हातात धरवतो पण फार वेळ धरवत नाही अशा वेळी काढायचा, पुसायचा आणि सरळ टेंपरिंगला. टेंपरिंगची भट्टी तेलात टाकण्याआधीच तापलेली हवी. एकच भट्टी असेल तर? वेल्डिंगचे रॉड सुकवायचा ओव्हन. बहुतेक वर्कशॉपमध्ये तो कोपऱ्यात पडलेला असतो, दोनशे अंश आरामात देतो, आणि आम्ही नंतर सगळं टेंपरिंग त्यातच करू लागलो. लाइटच गेली तर गॅसवर पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि नग त्यात सोडा. शंभर अंशांत खरं टेंपरिंग होत नाही, पण ताण जरा सैल पडतो आणि नग रात्र काढतो.

ओएचएनएसला १८० ते २०० अंश, दर २५ मिमी जाडीला किमान तास आणि कितीही लहान नग असला तरी दोन तास. भट्टीचा आकडा दोनशेला पोचला तेव्हापासून नव्हे, नग पोचला तेव्हापासून. महागडा नग असेल तर थंड करून पुन्हा एकदा तेच करा. दुसऱ्यांदा करण्यात वेळ जातो, पण कडकपणा जवळपास जात नाही.

आत पिवळा निघाला तर

म्हणजे तडा ट्रेमधला नसेल तर तेलातला. इथे कारणं जास्त आहेत, म्हणून घाई नको.

सर्वांत आधी ठोक्याने तुटलेल्या भागाचा पोत बघा, भिंगातून. बारीक, मखमलीसारखा, चिनी मातीच्या फुटक्या कपासारखा असेल तर तापमान ठीक होतं. साखरेच्या दाण्यांसारखा चमचमत असेल तर नग जास्त तापलाय, दाणे वाढलेत, आणि तसं स्टील तेलात टिकत नाही. ओएचएनएसला ७९० ते ८१५ अंश पुरतात. भट्टीचा आकडा ८०० दाखवतोय म्हणून नग ८०० ला आहे असं नसतं. आमच्या भट्टीत थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मागच्या भिंतीला होतं आणि नग दाराशी ठेवायचो. एकदा दुसरं थर्मोकपल नगाशेजारी ठेवून बघितलं तर फरक डोळ्यांत भरण्याइतका होता. उलटंही होतं, कॉइलला चिकटून ठेवलेला नग आकड्याच्या पुढे जातो. चुंबक लावून बघायची जुनी युक्ती आहे, साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला धरत नाही. पण तिच्यावरून एवढंच कळतं की नग त्या टप्प्याला पोचला. तो पुढे किती गेला हे चुंबक सांगत नाही.

थंड नग सरळ आठशेच्या भट्टीत टाकायची सवयही सोडा. ६०० ते ६५० वर आधी थांबवा, आतबाहेर सारखा होऊ द्या, मग वर न्या. वर पोचल्यावर दर २५ मिमीला साधारण अर्धा तास.

पोत बारीक असेल तर आकाराकडे वळा. मानेचा कोपरा नखाला टोचतो का? ड्रॉइंगवर "आर १.५", म्हणजे कोपऱ्याला दीड मिमीची गोलाई, लिहिलेलं असतं आणि टर्नर टूलचं टोक आहे तसंच ठेवून काटकोन काढतो, हे मी किती वेळा पाहिलंय. कोपऱ्यात लेथच्या टूलच्या रेघा राहिल्या असतील तर त्या घोटून काढा. नगावर नंबर पंचाने ठोकून नंबर घालत असाल तर थांबा. हार्डनिंगनंतर इलेक्ट्रिक पेनने लिहा. कडेजवळ भोक असेल तर त्यात फायरक्ले किंवा सिरॅमिक वूल ठासा, आटे असतील तर स्क्रू बसवून घ्या. भोकाची आणि कडेची पातळ भिंत एका क्षणात गार होते आणि शेजारचा जाड भाग मागे राहतो, भांडण तिथूनच सुरू होतं. जड मशीनिंग केलेला नग असेल तर फिनिशच्या आधी ६५० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह करून सावकाश गार केलेला बरा. मशीनचा ताण आणि तेलाचा ताण एकत्र आले की बेरीज होते.

मग तेल. तेलाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

बऱ्याच ठिकाणी टाकीत जळकं ऑइल असतं. गाडीचं उतरलेलं, आधीच काळं, त्यात किती काय मिसळलेलं देव जाणे. एक नग चांगला निघतो, दुसरा नाही, आणि फरक सापडत नाही. क्वेंचिंग ऑइल घ्या, महाग नाही. नगाच्या दर किलोला निदान ८-१० लिटर तेल हवं, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या नगाला तेलच उकळायला लागतं. तेल ५०-६० अंशांवर ठेवा. थंड तेल जास्त जोरात गार करतं असं वाटतं, पण थंडीच्या सकाळी तेल काकवीसारखं दाट असतं आणि नगाभोवती हलतच नाही. नग आत गेला की आधी त्याच्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो, तो फुटला की खरं गार होणं सुरू होतं. पडदा एका बाजूला फुटला आणि दुसऱ्या बाजूला राहिला तर नग वाकतो नाहीतर तडकतो. म्हणून लांब नग उभा सोडायचा आणि वर-खाली हलवायचा, आडवा टाकून द्यायचा नाही. आणि पूर्ण बुडवायचा; अर्धा बाहेर राहिला की तेल पेटतं.

आता पाणी. पावसाळ्यात पत्र्यातून एक धार टाकीत पडत असते, आणि जून ते सप्टेंबर पंच तडकतात. हे मी थट्टेने लिहीत नाही. तेलात थोडंसं पाणी मिसळलं तरी गार करण्याची चाल बदलते, आणि बदलते ती नेमकी नको तिथे, नगाच्या एखाद्याच भागावर. पाणी तळाला जास्त साठलं तर गरम नग टाकल्यावर तेल उफाळून बाहेर येतं, ते वेगळंच संकट. तपासणी सोपी: टाकीच्या तळचं तेल पळीत घ्या, गरम तव्यावर दोन थेंब टाका, तोंड लांब ठेवा. चरचरलं तर पाणी आहे. मोहरी तडतडते तसा आवाज येतो, चुकायचं कारण नाही.

आणि हो, ईएन ८ च्या सवयीने ओएचएनएस पाण्यात टाकणारेही आहेत. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, तो पाणी सोसतो. ओएचएनएस सोसत नाही. नावातच ऑइल आहे.

आत काळा निघाला तर

इथे स्टीलवाल्याला फोन करायला हरकत नाही, पण आधी आरशात बघा. हॉट रोल्ड काळा बार आणून त्याची कातडी किती काढलीत? बारच्या कातडीत रोलिंगच्या रेघा, घड्या असतात आणि वरच्या थरातलं कार्बन जळून गेलेलं असतं. २८ चा पंच हवा म्हणून ३० चा बार घेतला की बाजूला एकच मिमी निघते आणि दोष आतच राहतो. बाजूला दीड-दोन मिमी तरी निघेल असा बार घ्या. कार्बन गेलेली कातडी नुसती मऊ नसते. कमी कार्बनचा थर वरच्या तापमानाला आधीच बदलून जातो, मागून गाभा फुगतो आणि कातडीला ताणतो. त्यामुळे जुनी रेघ नसली तरी अशा कातडीवर नवी उगवू शकते.

कातडी भट्टीतही जळते. उघड्या मफलमध्ये नग ठेवत असाल तर स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात गुंडाळा, नाहीतर डब्यात कास्ट आयर्नचा चुरा भरून त्यात पुरा.

बार खरोखर ओएचएनएसच आहे का, हाही प्रश्न असतो. भंगारातून किंवा उरल्यासुरल्या तुकड्यांतून उचललेल्या बारची खात्री कोण देणार? ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून जास्त कार्बन आणि कमी कार्बन एवढा फरक कळतो. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, फुलं कमी. जास्त कार्बनला फुलंच फुलं. पण ओएचएनएस आणि ईएन ३१ मधला फरक ठिणगीवरून सांगणाऱ्यावर मी विसंबत नाही. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात स्पेक्ट्रो (स्टीलमधले घटक मोजणारं मशीन) शोधायला लांब जावं लागत नाही. तुकडा द्या, रिपोर्ट घ्या.

आत स्वच्छ निघाला तर

नग हीट ट्रीटमेंटमधून धड आला होता. तुम्ही तो मारलात. सहसा ग्राइंडिंगवर.

हे तडे ओळखू येतात. उथळ, बारीक, एकापेक्षा जास्त, ग्राइंडिंगच्या दिशेला आडवे किंवा सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारखे जाळीदार. नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, डाय पेनिट्रंटचा (तड्यात शिरणाऱ्या द्रवाचा) लाल रंग मारून पांढरा डेव्हलपर फवारला की नकाशा उमटतो. व्हील घासून गुळगुळीत झालं असेल तर ते कापत नाही, रगडतं. जागच्या जागी कातडी इतकी तापते की टेंपरिंग उतरतं, आणि त्याहून तापली तर कूलंट पडताच तिथल्या तिथे पुन्हा हार्डनिंग होतं, तेही टेंपरिंगशिवाय. कडक नगाला मऊ ग्रेडचं व्हील, वारंवार ड्रेसिंग (व्हीलचं तोंड खरवडून ताजं करणं), शेवटचे पास ०.०१ मिमीच्या आत, आणि कूलंट नेमकं कापणीच्या जागी. बाजूला पडणारं कूलंट फक्त ऑपरेटरचे बूट भिजवतं.

मात्र ग्राइंडरवाल्याला झापण्याआधी एक गोष्ट तपासा. टेंपरिंग अपुरं झालं असेल तर चांगल्या हाताखालीही नग तडकतो, कारण ताण आतच बसलेला असतो आणि ग्राइंडिंग फक्त चिमटा काढतं. उरलेल्या नगांना पुन्हा १८० वर दोन तास द्या आणि मग ग्राइंड करून बघा. तडे थांबले तर दोष ग्राइंडरचा नव्हता.

वायरकटचंही थोडं असंच. कापलेल्या भिंतीवर वितळून थिजलेला पांढरट थर राहतो, अति ठिसूळ. त्यात मोठा डाय ब्लॉक मधोमध कापत असताना आतला ताण मोकळा होतो आणि ब्लॉक फाटकन उघडतो. एचसीएचसीआरच्या (हाय कार्बन हाय क्रोमियम स्टीलच्या) ब्लॉकला हे जास्त होतं, कारण तो हवेतच कडक होतो आणि जाडीभर ताण साठवून ठेवतो. दोनदा टेंपर केल्याशिवाय ब्लॉक वायरकटला पाठवू नका; कापून आल्यावर भिंत घोटा आणि आधीच्या टेंपरिंगपेक्षा दहा-वीस अंश खाली पुन्हा एकदा द्या.

पंच वाचला, पण कडकच नाही

तड्याला घाबरून लोक तापमान खाली आणतात आणि मग हा दुसरा प्रश्न घेऊन येतात. कानस लावा. ती पहिल्यांदा लागते आणि चार-पाच घासांनंतर सरकायला लागते, तर आतला भाग कडक आहे आणि फक्त कातडीचं कार्बन गेलंय, ०.३ मिमी काढून पुन्हा रॉकवेल घ्या. कानस खोलवर लागतच राहिली तर नग पुरेसा तापला नाही, किंवा तापलेला नग तेलापर्यंत नेताना हातात रेंगाळला. एचसीएचसीआरच्या बाबतीत मात्र उलटा सापळा आहे. त्याला १०१० ते १०३० अंश लागतात, आणि जास्त तापवला तर तो जास्त कडक न होता मऊ निघतो, कारण जुनी मांडणीच बरीचशी शिल्लक राहते. तिथे "कमी पडलं" म्हणून आणखी वर नेलंत तर आणखी मऊ.

झिंक प्लेटिंग करून आणलेल्या १२.९ ग्रेडच्या, म्हणजे फार मजबूत, बोल्टचाही प्रश्न अधूनमधून येतो: आवळला तेव्हा ठीक, दुसऱ्या दिवशी डोकं खाली पडलेलं. तो तडा उष्णतेचा नाही. प्लेटिंगच्या आधीच्या ॲसिडमधून आणि प्लेटिंगमधून हायड्रोजन आत शिरतो आणि ताणाखाली स्टील फोडतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भाजायला लागतात, तेही बरेच तास. प्लेटिंगवाल्याला हे विचारून घ्या. "ते तर करतोच" असं उत्तर आलं तर ओव्हन दाखवायला सांगा.

पंचाकडे परत येतो. मला किंवा कुणालाही विचारताना "पंच तडकला, काय करू" एवढंच लिहू नका. ग्रेड आणि बार काळा होता की पीलिंग केलेला (कातडी सोललेला), व्यास, मानेचा रेडियस मोजून, ड्रॉइंगवरचा नको. भट्टीचा आकडा, किती वेळ, तेल कोणतं. मोडलेल्या तोंडाचा दारातल्या उजेडातला फोटो. आणि तेलातून काढल्यापासून टेंपरिंगला लागेपर्यंत किती मिनिटं गेली, तेवढं घड्याळ बघून. हा आकडा विचारला की बहुतेक जण "लगेच लावला" असं लिहितात. मग मी विचारतो, लगेच म्हणजे जेवणाच्या आधी की नंतर?